पिवळा लागला काय?

आमच्या ऑफिसात कुणालाही स्वतःची जागा नव्हती, आणि अक्कांना होती. एवढं एकच वाक्य सांगून थांबले तरी अक्का निम्म्या कळतील. उरलेल्या निम्म्यासाठी मला जरा ऐसपैस बसावं लागेल, आणि मी एकदा बसले की बोलतच सुटते. घाई असेल त्यांनी आत्ताच उठावं.

म्हैसूरला विजयनगरात, चौथ्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये आमचं काम चालतं. परदेशातल्या इस्पितळांची बिलं विमा कंपन्यांसाठी तपासायची. दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्याची माहिती, म्हणून बंदोबस्त असा कडक की विचारू नका. मोबाईल दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचा. आत पेन नाही, कागद नाही, आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटरसुद्धा नाही. टेबलावर स्क्रीन असतो, कीबोर्ड असतो, आणि धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढी एक काळी पेटी असते. तिला झिरो क्लायंट म्हणायचं. तिच्या पोटात फाईल नाही की प्रोग्रॅम नाही, साधा पंखासुद्धा नाही. आपला म्हणून जो कॉम्प्युटर असतो तो बंगळूरच्या कुठल्याशा थंडगार खोलीत चालतो, इथं नुसतं त्याचं चित्र येतं. आपलं कार्ड पेटीत खुपसलं की आपला स्क्रीन उगवतो. कार्ड काढून हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुपसलं, तर आपलं अर्धवट वाक्य तिथं तसंच उभं असतं.

त्यामुळे कंपनीनं जागाच काढून टाकल्या. कुणीही कुठंही बसावं, आधी येईल त्याची खुर्ची. ड्रॉवर नाही, देवाचा फोटो नाही, खुर्चीच्या पाठीला स्वेटर लटकवायचा नाही. नवी होते तेव्हा मला हे सगळं धर्मशाळेसारखं वाटायचं.

आणि या धर्मशाळेत अक्का मात्र रोज त्याच खुर्चीत. पश्चिमेच्या बाजूची, खांबाला लागून असलेली खिडकी. सकाळी त्यांना आत येताना कुणी बघितलंय म्हणावं तर तेही नाही, आपण पोचलो की त्या बसलेल्याच असायच्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, काठाची सुती साडी, केसात मोगऱ्याचा वीतभर गजरा, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नाडीचे, शाळेच्या कवायतीला घालतात तसले. त्या बुटांवरून हॉलमध्ये फार विनोद व्हायचे. अक्कांच्या कानावर ते जायचे, पण पालथ्या घड्यावर पाणी. मान कायमची डावीकडं कललेली. मला वाटायचं जन्मापासूनच असेल.

काम मात्र नंबर एक. कुठल्या बिलात एकाच सलाईनचे दोनदा पैसे लावलेत, ते त्या स्क्रीनकडं अर्ध्या डोळ्यानं बघून सांगायच्या. उरलेला दीड डोळा खिडकीत. पडदा कुणी ओढला तर उठून उघडायच्या. जेवायला कँटीनमध्ये जायच्या आणि आम्ही भातात सारू कालवेपर्यंत परत फिरलेल्या असायच्या. आणि त्या येईपर्यंत खिडकीशी जो कुणी बसला असेल त्याला एकच प्रश्न, "पिवळा लागला काय?" जुन्या लोकांना उत्तर द्यायची सवय झाली होती. ते बाहेर नजर टाकून हो म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. काय पिवळा, कुठं लागला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे समोरच्या बिल्डिंगीत कुणीतरी आहे.

अक्का म्हैसूरच्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. घरी मराठी. पण ती मराठी ऐकून माझ्या साताऱ्याच्या सासूला घेरी आली असती. वाक्य मराठीत निघायचं, मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरायचं आणि तिकडूनच घरी जायचं. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला 'सातारा' म्हणायला लागल्या. "ए सातारा, सुम्ने बस की गं, किती बोलतेस!" सुम्ने म्हणजे गुमान. हा माझा पहिला कन्नड शब्द, आणि तो माझ्यासाठीच बनवलाय असं मला अजून वाटतं.

आमची खरी ओळख मात्र भांडणानं झाली. नवऱ्याची सकाळची ड्यूटी होती, त्यानं मला जाता जाता फार लवकर सोडलं. हॉल रिकामा. खिडकीची खुर्ची मोकळी दिसली, मी बसले, कार्ड खुपसलं. थोड्या वेळानं अक्का आल्या. त्यांची कामवाली त्या दिवशी उशिरा आली होती, हे मला नंतर कळलं. त्या माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ऊठ. मी का उठू? नियम सगळ्यांना सारखा, आणि माझी जीभ साताऱ्याची. मी तो नियम त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. मला आजही वाटतं की माझं काही चुकलं नाही.

अक्का भांडल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली, माझ्या डाव्या खांद्याशी लावली आणि बसल्या. हातात कार्ड, नजर खिडकीबाहेर. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी एकेक बिल तीनतीनदा वाचत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हुश्श केलं, "लागला" म्हणाल्या, आणि आतल्या ओळीत जाऊन कामाला लागल्या. मग तासाभरानं पुन्हा तीच खुर्ची, तोच श्वास. दुपारपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कार्ड उपटलं आणि आत जाऊन बसले. चांगुलपणा म्हणून नव्हे, मान वाचवायला.

मग एक दिवस बंगळूरचं काहीतरी बिघडलं. एका क्षणात हॉलमधले सगळे स्क्रीन काळे. दुसऱ्या ऑफिसात निदान आपल्या कॉम्प्युटरमध्ये पत्ते तरी खेळता येतात, इथं पेटीत काहीच नाही. फोन लॉकरमध्ये. सपोर्टचा महेश इकडून तिकडं धावत होता आणि सगळ्यांना हात दाखवून थांबा थांबा म्हणत होता. माणसं एकमेकांची तोंडं बघत बसली. अक्कांनी बोटाच्या पेरानं ती काळी पेटी वाजवली. "ऐक. पोकळ," म्हणाल्या. "चोरायला काही नाही, आणि करायलाही काही नाही. ये, इथं बस." मी जाऊन बसले, आणि त्या दिवशी मला पिवळा दिसला.

खिडकीतून दोन गल्ल्या पलीकडं, दोन नारळांच्या मधोमध एक जुनं घर होतं. त्याच्या गच्चीवर एक खोली, खोलीच्या दारापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत एक दोरी, आणि दोरीवर हळदीसारखा पिवळाजर्द पंचा. ते अक्कांचं घर. गच्चीवरच्या खोलीत त्यांची आई. तिला त्या अव्वा म्हणायच्या.

अक्कांचं घराणं रंगाऱ्यांचं. आजा कापड रंगवायचा, ठसे मारायचा. रंगवलेलं कापड तळ्यावर धुवायला नेत, आणि घर उंचावर. तळ्यावरच्या माणसांना घरातून हाक पोचायची नाही, म्हणून घरातल्या बायका बांबूला कापड लावत. पिवळं म्हणजे सगळं बरं आहे, काम चालू द्या. हिरवं म्हणजे येताना काहीतरी घेऊन या. तांबडं म्हणजे असाल तसे या. पुढं तो धंदा बुडाला, वडील कारकून झाले. विजयनगरात नुसतं माळरान होतं तेव्हा त्यांनी घर बांधायला साइट घेतली, आणि लोक हसले. कापडाची ती रीत सगळे विसरून गेले.

मग अव्वांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत, अगदी लखलखीत. घरात बाई ठेवली तर अव्वा तिला दुसऱ्या दिवशी पळवून लावायच्या. सकाळची कामवाली तेवढी चालायची. एक भाऊ होता, तो हुणसूरला तंबाखूच्या व्यापारात, सणाला येणार. अक्कांनी लग्न केलं नव्हतं, का ते मी विचारलं नाही. फोन घेऊन दिला तर अव्वांनी तो कानाला लावला, बोलता येईना, आणि रडत भिंतीवर फेकला. आणि तसंही इकडं आमचे फोन लॉकरमध्ये कोंडलेले.

"मग तिनंच पंचा ओढला," अक्का म्हणाल्या. "डाव्या हातानं. ओढला आणि दाराकडं बोट केलं. मला कळायला दोन दिवस लागले, अय्यो, किती मारली असती मला तिनं, हात चालला असता तर!" अक्कांनी दोरीला कप्पी बसवून घेतली. अव्वा खोलीच्या दारात खुर्चीवर बसून डाव्या हातानं दोरी ओढायच्या, आणि पाहिजे तो पंचा बाहेर उन्हात जायचा.

ते कॅनव्हासचे बूट कशासाठी, हेही मला त्याच दिवशी कळलं. पळायला.

हिरव्याची एक वेगळीच गंमत होती. काहीतरी आण, एवढंच तो सांगायचा. काय आण, ते अक्कांनी ओळखायचं. कधी इडली, कधी पेरू, कधी नंजनगूडची रसबाळी केळी. चुकलं तर अव्वा तोंड फिरवायच्या. अक्का दुसऱ्या दिवशी येऊन सांगायच्या, "काल नापास झाले." बरोबर आलं की त्या दिवशी आम्हा सगळ्यांशी गोड बोलायच्या. एकदा सलग बरेच दिवस हिरवा लागला आणि अक्का रोज नापास. शेवटी कळलं, म्हातारीला गजरा पाहिजे होता.

आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस आमच्याकडं सुट्टीचा नसतो, परदेशातल्या विमा कंपनीला दसरा ठाऊक नाही. म्हणून पूजा ऑफिसातच होते. ॲडमिनमध्ये मूर्ती म्हणून गृहस्थ आहेत, ते कोहळा आणतात, झेंडूची तोरणं बांधतात. त्या वर्षी प्रश्न उठला की पूजा करायची कशाची? खरं हत्यार बंगळूरला, इथं नुसत्या रिकाम्या पेट्या. मूर्तींनी फार विचार केला आणि पेट्यांनाच कुंकू लावायचं ठरवलं. ते पुढं कुंकू लावत आणि महेश मागून फडकं घेऊन, कुंकू भोकात जाऊ नये म्हणून. अक्कांनी करंड्यात बोट बुडवलं, पण पेटीला लावलं नाही. वळल्या आणि खिडकीच्या काचेला लावलं. "तुमचं हत्यार ते," म्हणाल्या. "माझं हे."

सगळे हसले. आणि हसू ओसरायच्या आत काचेवरच्या त्या कुंकवाच्या पलीकडं, दोन नारळांच्या मध्ये, तांबडा लागला.

अक्कांनी कार्ड काढलंसुद्धा नाही. साडी हातात धरून त्या धावल्या. दार, लॉकर, जिना, लिफ्टची वाटही बघितली नाही. आम्ही खिडकीशी गोळा झालो. गल्लीतून ते पांढरे बूट पळताना दिसले, मग नारळाआड गेले. हॉलमध्ये कोहळा तसाच पडलेला, कुणाला फोडायचं सुचेना. मूर्ती देवाच्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले.

अक्का परत आल्या तेव्हा गजरा गळून पडलेला, चेहरा घामानं चिंब. त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग सांगितलं. अव्वा दारात ठणठणीत बसल्या होत्या, मांडीवर कुंकवाचा करंडा, आणि डाव्या हाताचं बोट कप्पीकडं. त्या बोटाचा अर्थ एवढाच: आज आयुधपूजा, घरातल्या सगळ्या हत्यारांना सकाळी कुंकू लागलं, विळीला लागलं, पाट्याला लागलं, आणि माझी कप्पी विसरलीस.

"मी कप्पीला लावलं," अक्का म्हणाल्या, "मग तिला लावलं, मग तिथंच बसून भांडले. ती हसत होती, तोंड वाकडं करून." मग त्यांनाही हसू फुटलं. "पण अजून पळता येतं मला, एवढं कळलं." त्या दिवसापासून सगळ्या हॉलला पिवळ्याचं गुपित माहीत झालं, आणि खिडकीच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायचं बंद झालं. कुणी ठरवलं नाही. आपोआप झालं.

आता फिल्मचं सांगते, कारण खरा कस तिथं लागला.

एका सोमवारी आले तर अक्का काचेला नाक लावून उभ्या. सुट्टीत कुणीतरी येऊन सगळ्या खिडक्यांना काळपट तपकिरी फिल्म चिकटवून गेलं होतं. बाहेरचं दिसत होतं, पण सगळं कॉफीच्या डिकॉक्शनमध्ये बुडवून काढल्यासारखं. गच्चीवर एक पंचा लागलेला दिसत होता. तो पिवळा की तांबडा, देव जाणे.

"सगळं एकच रंग झालंय," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मग त्या खाली उतरल्या, रस्त्यावरून बघून आल्या. पिवळा होता. पण हॉलबाहेर पडलं की कार्डावर नोंद होते, दिवसातून कितीदा खाली जाणार? त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या की नोकरी सोडते. या वयात दुसरी कुठं मिळणार, आणि मिळाली तरी तिथल्या खिडकीतून घराची गच्ची दिसायला नको?

"पगार पाहिजे की," त्या म्हणाल्या. "औषधं काय फुकट येतात? पण अव्वा हाक मारंल आणि मला दिसणार नाही, तसला पगार घेऊन मी काय करू, सांग."

मी रात्रभर नवऱ्याचं डोकं खाल्लं आणि सकाळी मूर्तींसमोर जाऊन उभी राहिले. मूर्ती भला माणूस, पण नियमापुढं त्यांचं काही चालायचं नाही. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून आमचे स्क्रीन दिसतात, परदेशातून पाहणीला आलेल्या माणसानं ते पकडलं. फिल्म काढली तर कामच जाईल, सगळ्यांचं. मी कन्नड, मराठी, हिंदी, येत होतं ते सगळं बोलले. ते मान हलवत राहिले. स्क्रीन दिसतो मेडम, स्क्रीन दिसतो, एवढंच.

"स्क्रीन दिसतो ना?" मी ओरडलेच. "मग त्याची पाठ दाखवा लोकांना!"

रागाच्या भरात बोलले हो, मला काही सुचलं वगैरे नव्हतं. पण महेश तिथंच टेबलाखाली कसली तरी वायर ओढत बसला होता. तो बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, मूर्तींकडं बघितलं, आणि म्हणाला की त्यात काय अवघड आहे. ती काळी पेटी स्क्रीनच्या पाठीलाच अडकवता येते. एक वायर विजेची, एक नेटवर्कची. टेबल फिरवलं की झालं. स्क्रीनची पाठ खिडकीकडं, माणसाचं तोंड खिडकीकडं.

आमचा चहा थंड व्हायच्या आत त्यानं ते करूनही दाखवलं. मग मूर्ती स्वतः समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. तिथून त्यांनी डोळ्यावर हात धरून बघितलं, इकडं सरकून बघितलं, तिकडं सरकून बघितलं, खाली बसूनसुद्धा बघितलं. मग दोन्ही हात वर करून हलवले. परत आले ते खिशात ब्लेड घेऊनच. अक्कांना त्यांनी विचारलं, कुठून दिसतं तुमचं घर? अक्कांनी बोटानं काचेवर चौकोन काढला. मूर्तींनी तेवढाच तुकडा कापला आणि अलगद सोलला. त्या तपकिरी काचेत हातरुमालाएवढं खरं ऊन आलं, आणि त्या उन्हात दोन नारळ आणि पिवळा.

अक्का खुर्चीत बसल्या, कार्ड घातलं, कामाला लागल्या. मी बघत होते. आता खिडकी समोरच होती, वळून बघायची गरज नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांची मान सरळ झाली. इतकी वर्षं जी जन्मखोड वाटत होती, ती नुसती खिडकीची होती. मला त्या मानेकडं बघून भरून यायचं. आणि माझा स्वभाव असा की भरून आलं की मी कुणावर तरी खेकसते. म्हणून मी महेशवर खेकसायची.

अव्वा गेल्या तो दिवस अगदी साधा होता. सकाळी पिवळा लागला, दिवसभर पिवळा होता. अक्का संध्याकाळी रसबाळी घेऊन घरी गेल्या, कारण आदल्या दिवशी त्या नापास झाल्या होत्या. अव्वा पलंगावर होत्या. दुपारची झोप लागली होती, ती उतरलीच नाही.

आम्ही सगळे जाऊन आलो. तेरावा होऊन अक्का कामावर येईपर्यंत खिडकीची खुर्ची रिकामी होती. नवीन आलेल्या पोरांनाही कुणी ना कुणी तिथून उठवत होतं. अक्का आल्या त्या सकाळी आम्ही मुद्दाम मान खाली घालून काम करत होतो. त्या दारात उभ्या राहिल्या. खिडकीकडं बघितलं. मग हॉलच्या मधल्या ओळीत, जिथून कुठलीच खिडकी दिसत नाही, तिथं जाऊन बसल्या आणि कार्ड खुपसलं. गजरा नव्हता. पायात साध्या चपला होत्या. त्या चपला बघितल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

कँटीनमध्ये आता त्या सावकाश जेवायच्या. घाई कशाची? एकदा जेवता जेवता म्हणाल्या, "पिवळा होता गं. मी दिवसभर बघत होते, नजर काढली नाही." मी म्हटलं, हो, मलाही माहीत आहे. "तांबडा तिच्या उशाशी होता. घडी तशीच होती, मोडली नव्हती. म्हणजे मला बोलवावं असं तिला वाटलंच नाही. त्रास झाला नाही. होय काय नाही?"

"होय अक्का," मी म्हटलं. दुसरं कुठलंही उत्तर मला माहीत नाही, आणि असलं तरी मला ते नको आहे.

काही दिवसांनी त्यांनीच मला खिडकीकडं ढकललं. "रिकामी खुर्ची बरी दिसंना. तू बस तिथं, सातारा." मी का कू केलं, पण अक्कांपुढं कुणाचं चाललंय! बसले. पहिल्याच सकाळी सहज त्या चौकोनातून बघितलं. गच्चीवर पिवळा लागलेला.

मी उठून मधल्या ओळीत गेले. अक्का टाइप करत होत्या. म्हणाल्या, "निघताना मीच ओढला. घर उघडं दिसतं नाहीतर." आणि पुन्हा टाइप करायला लागल्या.

यथावकाश अक्का निवृत्त झाल्या. नारळ, शाल, मूर्तींचं भाषण, सगळं झालं. निघताना त्यांनी माझ्या टेबलावरची पेटी पेरानं वाजवली आणि गेल्या. भावाकडं हुणसूरला जाल का, असं मी विचारलं होतं. त्यांनी मान हलवली. त्या घर सोडणार नव्हत्या. म्हणजे आता त्या घरात त्या एकट्या, आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोबाईलशिवाय या हॉलमध्ये. पहिल्या सकाळी मी कार्ड घातलं, पण बिलं काही उघडली नाहीत. नजर चौकोनात. नारळ हलत होते, दोरी रिकामी होती. मग दहाच्या सुमाराला दोरी हलली आणि पिवळा हळूहळू बाहेर आला.

तेव्हापासून रोज. आम्ही याबद्दल कधी एक अक्षर बोललो नाही. सकाळी दहाच्या सुमाराला पिवळा लागतो, मी बघते, मग माझं काम सुरू होतं. मी जेवायला गेले की खिडकीशी जो कुणी बसतो त्याला विचारते, पिवळा आहे ना? परवा एका नव्या मुलीनं माझ्याकडं असं बघितलं, की माझ्यावरही हॉलमध्ये विनोद चालू झालेत हे मला कळलं. होऊ देत.

गेल्या आठवड्यात मात्र दोरी हलली आणि हिरवा आला.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. पुन्हा पुन्हा बघितलं, ऊन फसवत असेल म्हणून. हिरवाच होता. दिवसभर माझं बिलांत लक्ष नव्हतं, एकच विचार, काय आणायचं? इडली? पेरू? औषध तर संपलं नसेल? काम सुटल्यावर मी कोपऱ्यावरून रसबाळी घेतली, गजराही घेतला, आणि जवळजवळ पळतच गेले. जिना चढले तर अक्का गच्चीवरच्या खोलीच्या दारात, अव्वांच्या खुर्चीवर बसलेल्या. दोरी हातात. मी पिशवी पुढं केली. धापा टाकत विचारलं, बरोबर आणलं का, पास झाले का?

अक्कांनी पिशवीत बघितलंसुद्धा नाही.

"मला काही नको होतं," त्या म्हणाल्या. "तू बघतेस काय नाही, तेवढं बघायचं होतं."

मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी त्या म्हणाल्या, "सुम्ने बस की गं." मग मी त्यांच्या पायाशी बसले आणि आम्ही दोघींनी केळी खाल्ली.